औषधदानाची पूर्तता : श्रीमती फातिमा इस्माईल

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान यांचे माहात्म्य आपल्या समाजास नव्याने सांगावयास नको. परंतु रुग्णास औषध मिळाले म्हणजे औषधदान पूर्ण झाले काय? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या श्रीमती फातिमा इस्माईल यांच्या जीवनकार्यात सापडते.

१९०३ साली सोबानी या संपन्न व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. बंधू उमर सोबानी हे गिरणीमालक असूनही गांधीजींचे निष्ठावंत सहकारी होते. १९२१ साली परळ येथे झालेली परदेशी कापडाची होळी त्यांच्याच गिरणीच्या आवारात पेटली. त्याग आणि राष्ट्रप्रेम यांचे संस्कार फातिमाबाईंना असे घरातच लाभले.

१९४५ च्या सुमारास त्यांच्या कन्येस पोलिओ झाला. या रोगाचे विषाणू मज्जारज्जूतील पेशींवर आघात करतात. हाड मोडत नाही, पण स्नायूंचे बळ जाते. सशक्त स्नायू सांध्यास एका बाजूस ओढतात, पाय वाकडा होतो आणि त्याची वाढही खुंटते. यावर एकच जालीम औषध नाही. योग्य आधार, नित्य व्यायाम, कॅलिपर आणि गरजेनुसार शस्त्रक्रिया अशी ही दीर्घ तपश्चर्या असते. त्यासाठी फातिमाबाईंनी मद्रासचे अस्थिशल्यविशारद डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे धाव घेतली. पुढे पुण्यास, जखमी सैनिकांसाठी असलेल्या व्यायामोपचारांचा लाभही मुलीस मिळवून दिला.

कन्या सुधारू लागली. तेथेच थांबणे सहज शक्य होते. परंतु ज्यांच्या आईबापांना मद्रास-पुणे परवडणार नाही, त्या लेकरांचे काय, या विचाराने त्या अस्वस्थ झाल्या. १९४७ साली डॉ. बाळिगा यांच्या सहकार्याने चौपाटीवर छोटेसे उपचार केंद्र सुरू झाले. त्यातूनच अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजीअली येथील बाल अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. शस्त्रक्रियेइतकेच व्यायामाला आणि पुनर्वसनाला तेथे महत्त्व होते. १९५८ साली त्यांना पद्मश्री लाभली. १९७८ साली त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या. १९८७ साली त्यांचे देहावसान झाले.

२०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला. तथापि पूर्वी पोलिओ झालेले आणि अपघातात पाय गमावलेले बांधव आजही आपल्या जळगाव-धुळे परिसरात आहेत. शिबिरात कॅलिपर वा कृत्रिम पाय देणे हे पुण्यकर्म खरेच. पण कॅलिपरचा पट्टा तुटतो, बालकाचे माप वाढत्या वयाबरोबर बदलते, आणि व्यायाम सुटला की सांधे पुन्हा आखडतात. म्हणून शिबिराच्या नोंदवहीतील प्रत्येक नावाची सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा विचारपूस झाली पाहिजे. दिलेला पाय कोपऱ्यात पडून आहे की त्या पायाने माणूस कामावर जातो आहे, हे पाहिल्यावरच औषधदानाची पूर्तता होते.