सॅम फिलिप्स

सॅम्युएल कॉर्नेलियस फिलिप्स (५ जानेवारी, इ.स. १९२३ – ३० जुलै, इ.स. २००३) हे अमेरिकन ध्वनिमुद्रणतज्ज्ञ, संगीतनिर्माते आणि टेनेसी राज्यातील मेम्फिस येथील सन रेकॉर्ड्स या छोट्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका कंपनीचे संस्थापक होते. कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत आणि गोऱ्या ग्रामीणांचे कंट्री संगीत यांच्या मिश्रणातून घडलेल्या रॉकबिली शैलीच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे.

सुरुवातीचे जीवन

फिलिप्स यांचा जन्म अलाबामा राज्यातील फ्लोरेन्स शहराजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. आठ भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. लहानपणी कापसाच्या शेतात राबताना कृष्णवर्णीय मजुरांची गाणी त्यांच्या कानी पडली. त्यांना वकील व्हायचे होते. परंतु वडिलांच्या निधनानंतर घराची जबाबदारी अंगावर आल्याने शाळा सोडावी लागली. पुढे त्यांनी नभोवाणीत निवेदक व तंत्रज्ञ म्हणून काम केले. इ.स. १९४५ मध्ये ते मेम्फिसच्या डब्ल्यूआरईसी केंद्रात रुजू झाले.

मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस

जानेवारी १९५० मध्ये त्यांनी ७०६, युनियन अव्हेन्यू येथे स्वतःचा ध्वनिमुद्रण कक्ष सुरू केला. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत वंशभेद कायद्यानेच लागू होता आणि कृष्णवर्णीय कलावंतांना ध्वनिमुद्रणाची संधी क्वचितच मिळे. फिलिप्स यांनी बी. बी. किंग, हाउलिन वुल्फ आदींची गाणी मुद्रित केली. खर्च भागवण्यासाठी लग्नसमारंभ व अंत्यविधी यांचेही ध्वनिमुद्रण ते करत. मार्च १९५१ मध्ये आइक टर्नर यांच्या वाद्यवृंदासह जॅकी ब्रेन्स्टन यांनी गायलेले 'रॉकेट ८८' येथेच मुद्रित झाले. गिटारचा ध्वनिवर्धक बिघडल्यामुळे आलेला खरखरीत आवाज फिलिप्स यांनी दोष न मानता तसाच ठेवला. अनेक अभ्यासक या गाण्याची गणना रॉक अँड रोलच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांत करतात.

सन रेकॉर्ड्स

ही मुद्रणे शिकागोच्या चेस रेकॉर्ड्ससारख्या कंपन्यांना दिली जात आणि नावारूपाला आलेले कलावंतही तिकडे जात. त्यामुळे इ.स. १९५२ मध्ये फिलिप्स यांनी स्वतःची कंपनी स्थापन केली. रूफस थॉमस यांचे 'बेअर कॅट' हे तिचे पहिले मोठे यश होते; परंतु ते 'हाउंड डॉग' या गाण्यावर बेतलेले असल्याने न्यायालयात कंपनीचा पराभव झाला.

जुलै १९५४ मध्ये एल्विस प्रेसली, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांनी आर्थर क्रुडप यांच्या 'दॅट्स ऑल राइट' या ब्लूज गीताचे मुद्रण केले. दोन टेप यंत्रांच्या साहाय्याने निर्माण केलेला क्षणिक प्रतिध्वनी ही सनच्या ध्वनीची ओळख ठरली. गाणे लोकप्रिय झाले तरी कंपनीची आर्थिक ओढाताण संपली नाही. तबकड्या तयार करण्याचा खर्च आधी करावा लागे, तर वितरकांकडून पैसे उशिरा मिळत. अखेर नोव्हेंबर १९५५ मध्ये प्रेसली यांचा करार ३५,००० डॉलरना आरसीए कंपनीला विकण्यात आला. त्यानंतर कार्ल पर्किन्स यांचे 'ब्लू स्वेड शूज', तसेच जॉनी कॅश, रॉय ऑर्बिसन आणि जेरी ली लुईस यांच्या ध्वनिमुद्रिका सनने प्रकाशित केल्या. इ.स. १९५८ मध्ये पर्किन्स व कॅश हे दोघेही कोलंबिया या मोठ्या कंपनीकडे गेले.

टीका

गोऱ्या गायकांना यश मिळू लागल्यावर सनच्या यादीतील कृष्णवर्णीय कलावंतांची संख्या झपाट्याने घटली. ज्यांच्या संगीतावर कंपनी उभी राहिली त्यांनाच तिने मागे टाकले, अशी टीका यावरून होते. थॉमस यांनीही याबद्दल नाराजी व्यक्त केली होती. दुसरीकडे, वंशभेदाच्या काळात या संगीताला गोऱ्या श्रोत्यांपर्यंत नेण्याचे श्रेयही फिलिप्स यांना दिले जाते.

उत्तरायुष्य व सन्मान

इ.स. १९५५ मध्ये फिलिप्स यांनी मेम्फिसमध्ये डब्ल्यूएचईआर हे प्रामुख्याने महिलांनी चालवलेले नभोवाणी केंद्र सुरू केले. हॉलिडे इन या हॉटेलसाखळीतही त्यांची गुंतवणूक होती. इ.स. १९६९ मध्ये त्यांनी सन रेकॉर्ड्स शेल्बी सिंगलटन यांना विकली. इ.स. १९८६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला. ३० जुलै २००३ रोजी मेम्फिस येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी युनियन अव्हेन्यूवरील त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रण कक्षाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देण्यात आला.