कुमारी ॲग्नेस पॉकेल्स

परातींत स्वच्छ पाणी घेऊन त्यावर कापराचा लहानसा खडा टाकावा. तो तत्काळ सजीव झाल्याप्रमाणें गरगर फिरूं लागतो व इकडून तिकडे धांवतो. परंतु तेलाचें बोट पाण्यास लागतांच तो जागच्या जागीं थबकतो. असें कां व्हावें? पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्याप्रमाणें वागतो. त्या ताणास पृष्ठताण म्हणतात. कापूर विरघळतो तेथें हा ताण उतरतो, आणि ज्या बाजूस ताण अधिक तिकडे खडा ओढला जातो. तेलानें सर्वत्रच ताण उतरला म्हणजे दोहों बाजूंतील हा फरक नाहींसा होतो व त्याबरोबर खड्याची गतिहि संपते. पाण्यावरील अशा अदृश्य थराचा हिशेब मांडण्याची रीत जिनें घालून दिली, त्या विदुषीचें हें अल्प चरित्र आहे.

ॲग्नेसबाईंचा जन्म ता. १४ फेब्रुवारी १८६२ रोजीं व्हेनिस येथें झाला. तें शहर तेव्हां ऑस्ट्रियाच्या अंमलाखालीं असून त्यांचे वडील ऑस्ट्रियन सैन्यांत अधिकारी होते. हिवतापानें वडिलांची प्रकृति ढांसळली. ते सेवानिवृत्त झाले आणि १८७१ सालीं हें कुटुंब जर्मनींतील ब्राउन्श्वाइग शहरीं येऊन राहिलें. तेथील मुलींच्या शाळेंत ॲग्नेसबाईंस पदार्थविज्ञानाची गोडी लागली. परंतु त्या काळीं तेथील विश्वविद्यालयांचीं दारें स्त्रियांस बंद होतीं. पुढें तीं उघडूं लागलीं, तेव्हां आईबापांच्या इच्छेस मान देऊन त्या घरींच राहिल्या. धाकटा बंधु फ्रीड्रिख गटिंगन येथें पदार्थविज्ञान शिकला. तो बहिणीस ग्रंथ पुरवी. दुखणाईत आईबापांची शुश्रूषा आणि घरकाम यांतून उरलेल्या वेळांत बाईंचें अध्ययन चाले.

वयाच्या विसाव्या वर्षीं, म्हणजे १८८२ सालीं, त्यांनीं एक साधें उपकरण सिद्ध केलें. ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद व २ सेंटिमीटर खोल असें पत्र्याचें पन्हळ कांठोकांठ भरून त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेविली. पट्टी सरकविली कीं पृष्ठावरील स्निग्ध मळ एका बाजूस लोटला जाई व मागें निर्मळ पाणी राही. मग एक लहानशी चकती पृष्ठापासून सुटण्यास किती जोर लागतो, तें तराजूनें पाहून त्या पृष्ठताण ठरवीत. मळाचा थर दाबीत आणला असतां कांहीं मर्यादेपर्यंत ताण निर्मळ पाण्याइतकाच राहतो आणि ती मर्यादा ओलांडतांच झपाट्यानें उतरतो, हा त्यांचा महत्त्वाचा शोध होय.

परंतु घरांत बसलेल्या मुलीचें ऐकतो कोण? कित्येक वर्षें हे शोध अप्रसिद्धच राहिले. इकडे १८९० सालीं इंग्लंडांत लॉर्ड रॅले यांनीं, कापराची हालचाल थांबविण्यास पाण्यावर किती तेल पुरतें, हें मोजलें. मिलिमीटरचे सुमारें सहा लक्ष भाग करावे, त्यांतील एकाएवढा तो थर भरला! हें वृत्त बाईंच्या वाचनांत आलें. जानेवारी १८९१ मध्यें त्यांनीं धीर करून आपलें सर्व काम रॅले यांस जर्मन भाषेंत लिहून कळविलें. रॅले यांचा लौकिक मोठा. पत्र लिहिणारी बाई अज्ञात, निराधार. त्यांनीं तें पत्र बाजूस सारलें असतें तर कोणास कळलें असतें? परंतु त्यांच्या पत्नीनें त्याचें भाषांतर केलें, आणि रॅले यांनीं स्वतः शिफारस करून तें 'नेचर' नियतकालिकाकडे धाडिलें. ता. १२ मार्च १८९१ च्या अंकांत तें बाईंच्या नांवानें प्रसिद्ध झालें.

पुढेंहि त्यांचे निबंध प्रसिद्ध होत गेले. १९१३ सालीं बंधु व १९१४ सालीं आई निवर्तली. अमेरिकेंतील लँगम्यूर यांनीं बाईंच्याच उपकरणाची सुधारणा करून १९१७ सालीं मोठें संशोधन प्रसिद्ध केलें व १९३२ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें. त्याच वर्षीं ब्राउन्श्वाइगच्या तांत्रिक विश्वविद्यालयानें सत्तर वर्षांच्या ॲग्नेसबाईंस सन्मान्य डॉक्टर ही पदवी अर्पण केली. ता. २१ नोव्हेंबर १९३५ रोजीं त्यांचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, हातीं दिलेलें थोडें द्रव्य विश्वासूपणें वाढविणाऱ्या चाकरांचा दाखला आपण प्रभु येशूच्या शुभवर्तमानांत वाचतों. ॲग्नेसबाईंच्या हातीं पत्र्याचें एक पन्हळ व एक तराजू एवढेंच होतें. तें त्यांनीं जमिनींत पुरून ठेविलें नाहीं. आणि दुसऱ्याचें श्रेय दुसऱ्यास देणाऱ्या रॅले यांचा प्रामाणिकपणाहि त्यांच्या शोधांइतकाच स्मरणांत ठेवण्याजोगा आहे.