देवळालीचे मास्तर आणि त्यांचे आकडे

आष्ट्याहून सांगलीला किंवा इस्लामपूरला निघालेल्या एस.टी.च्या प्रवाशाने आपल्या तिकिटावरील क्रमांकाचे शेवटचे चार अंक घ्यावेत. चारही अंक सारखेच निघाले तर शेजाऱ्याचे तिकीट मागून घ्यावे. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान संख्या करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. येईल त्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी; उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य मांडून चार अंकांचा हिशेब राखावा. गाडीने गावाची वेस ओलांडली न ओलांडली तोच हा प्रवासी ६१७४ या संख्येवर येऊन पोहोचलेला असेल आणि तेथेच अडकेल. कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरतात. आरंभ कोठूनही करा, सातांहून अधिक वजाबाक्या कधीच लागत नाहीत.

हे कोडे आता जगभर गेले आहे. परंतु कोडे घालणाऱ्याचे नाव कोड्याबरोबर प्रवास करतेच असे नाही. ज्यांनी १९४६ साली ही गोष्ट हेरली ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर कोणत्याही विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. ते नाशिकजवळच्या देवळालीतील शाळामास्तर होते आणि गणितातील त्यांची पदवी बी.एस्सी.च्या पुढे गेलेली नव्हती.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आई ते आठ वर्षांचे असतानाच वारली. वडील पेशाने कारकून. त्यांना ज्योतिषाचा नाद होता आणि त्या नादापोटी घरात आकडेमोड चाले. ज्योतिषाला फारशा गणिताची गरज लागत नाही, परंतु जी लागते ती हात बसवणारी असते. ठाण्याच्या शाळेत असताना हा मुलगा तासन्‌तास कोडी सोडवण्यात आणि हिशेबाच्या आडवाटा शोधण्यात घालवू लागला. आजच्या पालकांनी अशा मुलाला शिकवणीला घातले असते. १९२३ मध्ये कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन आलेल्या परांजप्यांचे नाव तेव्हा महाराष्ट्रातील घराघरांत आदराने घेतले जाई. त्या नावाचे पारितोषिक मिळवणाऱ्या तरुणाची पुढची वाट विलायतेची असायला हवी होती. ती नव्हती. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कापरेकर १९३० साली देवळालीला शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

बत्तीस वर्षे एकाच गावात, फळा आणि खडू यांच्या सहवासात, एक माणूस संख्यांकडे पाहत बसला. त्याच्याजवळ ग्रंथालय नव्हते, यंत्र नव्हते, चर्चेला सहकारी नव्हते. होत्या त्या दहा अंकांच्या आकृती आणि अमाप चिकाटी.

६१७४ चे रहस्य काय, असा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थ्याला पडलाच पाहिजे. केवळ चमत्कार म्हणून ते सोडून देण्यात कापरेकरांचाही गौरव नाही. उतरत्या क्रमाने मांडलेल्या अंकांपैकी पहिला आणि चौथा यांतील फरक घ्या; दुसरा आणि तिसरा यांतील फरक घ्या. पहिल्या फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की वजाबाकीचे उत्तर तयार होते. म्हणजे मूळ अंक कोणते होते याला महत्त्वच उरत नाही, दोन फरक तेवढे महत्त्वाचे. चारही अंक सारखे असलेल्या दहा संख्या वगळल्या तर ०००१ पासून ९९९८ पर्यंत ९,९९० संख्या उरतात. त्या सर्व पहिल्याच वजाबाकीत अवघ्या ५४ उत्तरांत गोळा होतात. त्या ५४ उत्तरांतही अनेकांचे अंक तेच, केवळ क्रम निराळा. तसे पाहता ३० च अंकगट शिल्लक राहतात. हे ३० गट एकेक करून तपासणे हे एका दुपारचे काम आहे, आणि ते केले की कोड्याची सिद्धता पूर्ण होते. कोणत्याही हायस्कुलातील नववीचा वर्ग फळ्यावर हे करू शकतो.

तीन अंकांचा प्रयोग केला तर ४९५ वर थांबावे लागते. दोन अंकांत मात्र विसावा नाही. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे रहाटगाडगे फिरत राहते. पाच अंकांतही एकच एक मुक्काम सापडत नाही. चार अंकांचे भाग्य असे की सर्व वाटा एकाच गावी जातात.

कापरेकरांनी हा शोध १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला आणि १९५५ मध्ये तो स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकी नियतकालिकात छापून आला. परंतु ६१७४ हा त्यांच्या संसारातला एक दागिना. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करून २० आणि २५ मिळवले की पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. या जातीच्या संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. डेम्लो संख्या हे त्यांचे आणखी एक अपत्य. १६५ या संख्येतील कडेचे अंक १ आणि ५ मिळवले की मधला ६ येतो; २५५३ मध्ये कडेचे २ आणि ३ मिळवले की मधले ५ येतात; ४७७७३ ही त्याच कुळातली. मुंबईपासून तीस मैलांवरील ज्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली त्याचे नाव त्यांनी या संख्यांना दिले. आजचे डोंबिवली ते हेच, असे सांगतात. गाडीची वाट पाहणारी माणसे वेळापत्रकाला दूषणे देतात. कापरेकरांनी स्थानकाला गणितात जागा करून दिली.

त्यांच्या सर्व कल्पनांत अधिक खोल कल्पना कोणती, असे विचारले तर स्वयंभू संख्यांचे नाव घ्यावे लागेल. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. ३७ घेतले तर ३ आणि ७ यांचे १० मिळवून ४७. त्यापुढे ५८, ७१, ७९. अशा रीतीने प्रत्येक संख्येला पुढचे अपत्य असते. पण प्रत्येक संख्येला जनक असतो काय? २० चा जनक शोधून पाहावा. तो एक अंकी असेल तर त्याची दुप्पट २० व्हायला हवी, म्हणजे तो १० असावा, आणि १० ही तर दोन अंकी संख्या. तो दहा ते एकोणीस यांमधला असेल तर अपत्य नेहमी विषम येते, २० कधीच येत नाही. तेव्हा २० ला जनक नाही, ती स्वयंभू. शंभराच्या आत १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७ अशा तेराच स्वयंभू संख्या आहेत. कचेरीत रोजकीर्द लिहिणाऱ्यांना यातली आणखी एक गंमत चटकन कळेल. ३७ पासून ७९ पर्यंतच्या पाच संख्यांतील सर्व अंकांची बेरीज किती? एकेक अंक मिळवण्याची गरज नाही. अखेरच्या शिलकेतून आरंभीची शिल्लक वजा केली की मधली जमा समजते: ७९ उणे ३७ म्हणजे ४२. त्यात शेवटच्या ७९ चे ७ आणि ९ मिळवले की ५८. कारकुनाच्या मुलाला हे सुचावे, यात नवल काय?

या साऱ्याकडे आपल्याकडील विद्वानांनी कसे पाहिले, हा या चरित्रातील कडवट भाग आहे. गणिताच्या परिषदांना कापरेकर जात आणि आपले निष्कर्ष वाचून दाखवत. अनेक नामवंतांना तो पोरखेळ वाटे. त्यांचे बरेचसे लेखन लहानसहान नियतकालिकांतून किंवा स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले. न्यायाने सांगायचे तर विद्वानांच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. हे बहुतेक गुणधर्म संख्यांचे नसून संख्या दहाच्या पद्धतीत लिहिण्याच्या रीतीचे आहेत. लिहिण्याची रीत बदलली की ६१७४ चे आसन डळमळते. सर्वसाधारण सिद्धांतापर्यंत जाण्यापेक्षा नवे उदाहरण हुडकण्यात कापरेकरांचे मन रमे. तथापि, उदाहरण आधी सापडते आणि सिद्धांत मागून येतो, हा क्रम गणिताच्या इतिहासात नवा नाही. ज्यांना सिद्धतेची साधने उपलब्ध होती त्यांनी ती घेऊन पुढे यायचे होते. ते पुढे आले नाहीत, हसले मात्र. आपल्या समाजात ज्ञानाची पारख पाटीवरून होते, पाटीखालच्या माणसावरून होत नाही, आणि शाळामास्तराची पाटी फार खालच्या खुंटीला टांगलेली असते.

त्याचे परिणामही मोजता येतात. स्वयंभू संख्यांचे वर्णन कापरेकरांनी १९४९ मध्ये केले होते. १९७४ साली कोलंबियातील बर्नार्दो रेकामान यांनी त्याच संख्यांविषयीचा प्रश्न एका अमेरिकी गणित मासिकात स्वतंत्रपणे विचारला, आणि जगातील कित्येक पुस्तकांत या संख्या कोलंबियन संख्या म्हणून स्थिरावल्या. देवळाली संख्या हेही त्यांचे एक नाव आहे, पण ते वापरतो कोण? ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे सुरेख संस्कृत नाव दिले. १८ ही हर्षद, कारण १ आणि ८ यांचे ९ आणि ९ ने १८ ला भाग जातो. रामानुजनच्या आठवणीने प्रसिद्ध झालेली १७२९ ही सुद्धा हर्षद, कारण तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. पुढे १९७७ मध्ये आयव्हन निव्हेन या गणितज्ञांच्या एका व्याख्यानानंतर या संख्यांना निव्हेन संख्या हे दुसरे नाव पडले. येथे कोणी कोणाचे चोरले, असा आरोप नाही. मराठी मुलखातील मास्तरांच्या पुस्तिका दूरच्या अभ्यासकांच्या हाती पडण्याची सोय नव्हती, आणि ज्यांच्या हाती त्या होत्या त्यांनी ती केली नाही, एवढाच मुद्दा आहे.

अखेर ती दूरच्याने केली. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या गणिती कोड्यांच्या सदरात कापरेकरांची ओळख करून दिली आणि सत्तरीत पोहोचलेल्या या निवृत्त शिक्षकाचे नाव देशोदेशी गेले. मग आपल्याकडेही ते घेतले जाऊ लागले. परदेशची मोहोर उमटल्यावाचून घरचे नाणे खरे न मानण्याची ही खोड जुनीच आहे. तोवर १९६६ मध्ये पत्नीचे निधन झालेले होते. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्यामुळे कापरेकर गणित आणि विज्ञान यांच्या शिकवण्या करून चरितार्थ चालवत होते. ज्याच्या नावाची संख्या पुस्तकांत जायची होती, तो मुलांना परीक्षेपुरते बीजगणित शिकवत होता. संख्यांचा छंद मात्र सुटला नाही. १९८६ साली ते वारले.

२०२४ मध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या सहावीच्या नव्या गणित पुस्तकात कापरेकरांच्या ६१७४ ला स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पाठ्यपुस्तकात गेलेल्या आश्चर्याचे पाठांतर व्हायला वेळ लागत नाही. परीक्षेत कापरेकर स्थिरांक कोणता, असा एका गुणाचा प्रश्न येईल आणि मुले ६१७४ लिहून मोकळी होतील. पाच अंकांत हे का घडत नाही, असे विचारणाऱ्या मुलाला वेळ नाही म्हणून खाली बसवले जाईल. प्रश्न कापरेकरांच्या स्मारकाचा नाही. आष्ट्यासारख्या गावातील एखाद्या शिक्षकाला उद्या वर्गातल्या हिशेबात काही नवे दिसले, तर ते कोणाला दाखवावे, हा आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये आहेत, त्यांत गणिताचे विभाग आहेत. शाळेतल्या माणसाचा कागद वाचून त्यावर चार ओळींचे उत्तर पाठवणे हे आपले काम आहे, असे त्यांतील किती विभाग मानतात?

कापरेकर असते तर या प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबले नसते. त्यांनी समोरच्या कागदावर एखादी संख्या मांडली असती. त्यांच्या जन्माचे वर्ष १९०५ घ्यावे. ९५१० उणे ०१५९ म्हणजे ९३५१. त्यापुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. जास्तीत जास्त जेवढ्या पायऱ्या लागू शकतात तेवढ्या सातही येथे लागतात. मृत्यूचे वर्ष १९८६ घ्यावे. ९८६१ उणे १६८९ म्हणजे ८१७२, आणि तेथून पुढची वाट तीच.