वॉल्टर रूथर : मोटार-कामगारांचे कैवारी

राजे, सेनापती आणि पंडित यांच्या चरित्रांनी ग्रंथालये भरलेली असतात. परंतु हातात हत्यारे धरून पोट भरणाऱ्या आणि त्याच हातांनी आपल्या लाखो सोबत्यांचे जिणे पालटणाऱ्या पुरुषाचे चरित्र आपल्या वाचनात क्वचितच येते. अमेरिकेतील मोटार-कामगारांचे पुढारी वॉल्टर रूथर हे अशांपैकी एक होत.

रूथर यांचा जन्म १ सप्टेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील व्हीलिंग या गावी झाला. वडील व्हॅलेंटाइन हे जर्मनीतून आलेले. ते बिअरच्या कारखान्याची गाडी हाकीत आणि कामगार-संघटनेचे कडवे अभिमानी होते. रविवारी मुलांना एखादा विषय देऊन त्यांच्यात वादविवाद घडवून आणण्याचा त्यांचा परिपाठ असे. वक्तृत्वाचे बाळकडू वॉल्टर यांना असे घरीच मिळाले. शाळा अर्धवट सोडून ते साचे घडविण्याचे काम शिकले आणि १९२७ साली डेट्रॉइट येथे फोर्डच्या कारखान्यात लागले. तेथे नोकरी सांभाळून त्यांनी राहिलेले शालेय शिक्षण पुरे केले. महामंदीत ती नोकरी गेली, तेव्हा १९३३ साली बंधू व्हिक्टर यांच्यासह ते प्रवासास निघाले. दोघांनी सायकलवरून यूरोप पाहिला आणि रशियातील गॉर्की येथील मोटार-कारखान्यात कामही केले.

१९३५ साली ते परतले, तेव्हा मोटार-कामगारांची स्थिती शोचनीय होती. यंत्रपट्ट्याचा वेग मालक वाटेल तसा वाढवीत, आणि मुकादमाची मर्जी फिरली की माणूस रस्त्यावर येई. युनायटेड ऑटो वर्कर्स हा संघ त्याच वर्षी स्थापन झाला होता. रूथर यांनी त्यास वाहून घेतले. त्यांच्या पत्नी मे यांनी शिक्षिकेची नोकरी सोडून संघाच्या कचेरीचे काम पत्करले. डिसेंबर १९३६ मध्ये फोर्डला ब्रेक पुरविणाऱ्या केल्सी-हेज कारखान्यात कामगारांनी यंत्रांपाशीच ठाण मांडले, आणि मालकांस नमावे लागले.

२६ मे १९३७ रोजी फोर्डच्या रूज कारखान्याच्या पुलावर पत्रके वाटावयास गेलेल्या रूथर व त्यांच्या सहकाऱ्यांना कंपनीच्या पहारेकऱ्यांनी निर्दयपणे मारहाण केली. छायाचित्रे हिसकावण्याचा प्रयत्न झाला. पण एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने आपल्या काचा चतुराईने लपविल्या, आणि रक्तबंबाळ मुद्रा साऱ्या देशाने पाहिल्या. अखेर १९४१ साली फोर्डने संघाशी करार केला.

१९४५-४६ मध्ये जनरल मोटर्समध्ये ११३ दिवसांचा संप झाला. वेतन ३० टक्के वाढावे, मात्र मोटारींच्या किमती वाढू नयेत, अशी रूथर यांची मागणी होती. त्यासाठी कंपनीने आपले हिशेब उघड करावेत, असा त्यांचा आग्रह होता. कामगाराच्या लाभाचा भुर्दंड ग्राहकावर पडू नये, हा त्यातील उदात्त विचार. कंपनीने हिशेब दाखविले नाहीत व वाढही मागणीहून पुष्कळ कमी मिळाली. तरी मार्च १९४६ मध्ये कामगारांनी त्यांनाच संघाचे अध्यक्ष निवडले.

या कार्याची किंमत मोठी होती. २० एप्रिल १९४८ च्या रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. उजवा हात जायबंदी झाला. पुढील वर्षी व्हिक्टर यांनी अशाच हल्ल्यात एक डोळा गमावला. गुन्हेगारांना शिक्षा कधीच झाली नाही. तरीही १९४९ मध्ये फोर्डकडून निवृत्तिवेतन आणि १९५५ मध्ये बेकारीच्या काळातील पूरक भत्ता त्यांनी मिळविला. म्हातारपण आणि बेकारी या दोन भयांतून कामगारांची सुटका करण्याचा हा प्रयत्न होता.

१९५६ साली रूथर भारतभेटीस आले होते. १९६३ च्या वॉशिंग्टन येथील मोर्च्यात ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासमवेत व्यासपीठावर होते. तथापि संघाच्या वरच्या जागांवर कृष्णवर्णीयांस पुरेसे स्थान मिळाले नाही. १९६८ साली डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय कामगारांनी स्वतःची वेगळी चळवळ उभारली, ती याच असंतोषातून. थोरांच्या चरित्रातील उणीवही प्रांजळपणे सांगितली पाहिजे.

९ मे १९७० रोजी मिशिगनमधील पेल्स्टन येथे विमान कोसळून रूथर व मे या दोघांचा अंत झाला. कामगार-कुटुंबांसाठी ब्लॅक लेक येथे उभारलेले शिक्षणकेंद्र पाहावयास ती दोघे निघाली होती.

आज पिंपरी-चिंचवड, चाकण आणि नाशिक येथील मोटार-कारखान्यांत महाराष्ट्रातील कितीतरी घरांची मुले-मुली राबत आहेत. निवृत्तिवेतन व ठरलेले तास या गोष्टी त्यांना स्वाभाविक वाटत असतील; पण त्यांमागे कोणाचा तरी मोडलेला हात असतो, एवढे स्मरण आपल्या कुटुंबांनी ठेवावे, हीच रूथर यांना खरी आदरांजली होय.