वॉर्ड सोडून शाळेत गेलेली परिचारिका

मंचर, घोडेगाव, जुन्नर किंवा नारायणगाव इथल्या सरकारी दवाखान्यात बाह्यरुग्ण विभागात काम करणाऱ्या सिस्टरांना खरुजेचं पोर नवं नसतं. पश्चिम पट्ट्यातल्या एखाद्या आश्रमशाळेतून मुलगा येतो, बोटांच्या बेचक्यात पुरळ असतो, रात्रभर खाजवून त्याची झोप झालेली नसते. मलम मिळतं, मुलगा बरा होऊन वसतिगृहात परततो. महिन्या-दीड महिन्याने तोच मुलगा पुन्हा रांगेत दिसतो. औषध चांगलं असतं, सिस्टरांनी सांगितलेलंही बरोबर असतं. पण शेजारी झोपणाऱ्या मुलांवर उपचार झालेले नसतात. खरुजेचा किडा पहिल्यांदा अंगात शिरला की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे अजून न खाजवणारी मुलंही तो बाळगून असतात. सगळ्या खोलीला एकाच वेळी औषध लावायचं, कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायची, हे काम रुग्णालयाच्या खिडकीतून होत नाही.

अशा वेळी काही परिचारिकांच्या मनात प्रश्न येतो: वॉर्ड सोडून शाळांच्या कामाला जावं का? प्रश्न सोपा नाही. हाताशी डॉक्टर असणं, सोबतीला सहकारी असणं, गंभीर रुग्ण सांभाळताना कमावलेलं कौशल्य आणि कायम नोकरी असेल तर तिची निश्चिंती, हे सगळं पणाला लागतं. सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड नावाच्या परिचारिकेपुढे जवळपास हाच प्रश्न होता. त्यांनी तो कसा सोडवला, हे आजही पाहण्यासारखं आहे.

लिलियन वॉल्ड यांचा जन्म १० मार्च १८६७ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातला. जर्मनीहून आलेलं खात्यापित्या स्थितीतलं ज्यू घराणं, वडील चष्म्यांच्या व्यापारात. लहानपण रॉचेस्टरला गेलं. सोळाव्या वर्षी त्यांनी कॉलेजात प्रवेश मागितला, पण वय कमी म्हणून तो नाकारला गेला. पुढे बहिणीच्या बाळंतपणात सेवेला आलेली परिचारिका त्यांनी पाहिली आणि आपणही हेच शिकायचं असं ठरवलं. १८८९ मध्ये त्या न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या परिचर्या विद्यालयात दाखल झाल्या आणि १८९१ मध्ये शिक्षण पूर्ण केलं.

पहिली नोकरी अनाथ, निराधार मुलांच्या संस्थेत मिळाली. तिथं त्या साधारण वर्षभर राहिल्या. मोठ्या संस्थेत मुलांना मिळणारी वागणूक त्यांना पटेना. आपल्याला ज्ञान कमी पडतंय असं वाटून त्यांनी महिलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातलं. परिचारिकेने पुढं जायचं म्हणजे डॉक्टर व्हायचं, हाच त्या काळी सरळ दिसणारा रस्ता होता.

मार्च १८९३ मध्ये हा रस्ता बदलला. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात, पूर्व युरोपातून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीत, त्या बायकांना घरगुती शुश्रूषेचे धडे द्यायला जात. एके दिवशी एक लहान मुलगी आईसाठी मदत मागत वर्गात आली. वॉल्ड तिच्यामागोमाग निघाल्या. घाणीने भरलेले रस्ते, कोंदट चाळ आणि आत बाळंतपणानंतर रक्तस्रावाने खचलेली बाई. वॉल्ड यांनी तिची सेवा केली, खोली स्वच्छ केली. रुग्णालयात त्यांनी असे अनेक रुग्ण पाहिले होते, पण हे रुग्ण कुठून येतात ते त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. त्यांनी वैद्यकीय शिक्षण सोडलं आणि मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीबरोबर त्याच वस्तीत राहायला गेल्या. १८९५ मध्ये जेकब शिफ या दात्याने हेन्री स्ट्रीटवर घर घेऊन दिलं. तिथून परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. ज्याला जमेल त्याने थोडे पैसे द्यायचे, ज्याला जमत नाही त्याने काहीच द्यायचं नाही. या कामाला सार्वजनिक आरोग्य परिचर्या हे नाव वॉल्ड यांनीच रूढ केलं.

सुरुवातीच्या याच काळात त्यांना लुई नावाचा बारा वर्षांचा मुलगा भेटला. तो शाळेत कधी बसलाच नव्हता. डोक्यावर इसब होतं, त्यामुळे शाळेत गेलं की परत पाठवत. इसब बरं करायचं कुणी, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. वॉल्ड यांनी चिकाटीने औषधोपचार केले आणि बाराव्या वर्षी लुई पहिल्यांदा शाळेत गेला. आजार जिवावरचा नव्हता, पण त्याने मुलाचं शिक्षण अडवलं होतं. वॉल्ड यांनी ही गोष्ट लक्षात ठेवली.

१८९७ मध्ये न्यूयॉर्कने शाळा तपासायला डॉक्टर नेमले. ते उवा, खरूज, नायटा, डोळ्यांच्या खुपऱ्या शोधत आणि मुलाला चिठ्ठी देऊन घरी पाठवत. कित्येक घरांत ती चिठ्ठी कुणाला समजतच नसे. मूल रस्त्यावर त्याच मुलांबरोबर खेळत राही आणि शाळा बुडे ती बुडेच. १९०२ मध्ये तपासणी कडक झाली तसे वर्ग ओस पडू लागले. रोग सापडत होता, पण बरा करायला माणूस नव्हता.

वॉल्ड यांनी शहराच्या अधिकाऱ्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला. आमची एक परिचारिका आम्ही महिनाभर देतो. उपयोग झाला तर पुढचा पगार सार्वजनिक पैशातून मिळावा यासाठी तुम्ही प्रयत्न करायचे. १ ऑक्टोबर १९०२ रोजी लीना रॉजर्स कामाला लागल्या. त्या कॅनडाच्या. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयात शिकलेल्या. त्यांच्याकडे चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुलं आली. किरकोळ त्वचारोगांवर त्या शाळेतच औषध लावत आणि मुलाला वर्गात बसवत. ज्यांना घरी पाठवावं लागे, त्यांच्या घरी संध्याकाळी स्वतः जात. आईला उवांचं औषध कसं लावायचं ते हातानं करून दाखवत, कुठल्या दवाखान्यात जायचं ते सांगत.

महिन्याभरात फरक दिसला आणि शहराने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतून आजारामुळे १०,५६७ मुलं घरी पाठवली गेली होती. सप्टेंबर १९०३ मध्ये हा आकडा १,१०१ वर आला. नवं औषध निघालेलं नव्हतं. जुनीच औषधं वेळेवर, मुलाजवळ आणि त्याच्या घरापर्यंत पोहोचली, एवढंच झालं होतं.

ही कल्पना एकट्या वॉल्ड यांची नव्हती. लंडनमध्ये १८९२ पासून परिचारिका शाळांत जात होत्या आणि १८९८ मध्ये तिथं त्यासाठी संस्थाही निघाली होती. वॉल्ड यांचं वेगळेपण हे की त्यांनी शाळेच्या परिचारिकेला सरकारी पगार आणि हक्काची जागा मिळवून दिली. १९१२ मध्ये सार्वजनिक आरोग्य परिचारिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष होत्या. १ सप्टेंबर १९४० रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्याकडे शालेय मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये बडोद्यात झाली. आज २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथकं आहेत. दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक एएनएम असं पथक असतं. ते अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातं. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी भागातल्या सरकारी आश्रमशाळा घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाखाली येतात. मुलं तिथं राहूनच शिकतात. वर्षातून एकदा झालेल्या तपासणीत खरूज, रक्तक्षय किंवा कमी दिसणं सापडलं, तरी उरलेले दिवस पाठपुरावा कुणीतरी करावाच लागतो. गोळी खाल्ली का, चष्मा आला का, शेजारच्या पोराला औषध लावलं का, हे विचारणारा माणूस लागतो. न्यूयॉर्कमध्ये रॉजर्स यांनी केलं ते हेच.

म्हणून वॉर्ड सोडू की नको या प्रश्नाचं वॉल्ड यांच्या आयुष्यातून मिळणारं उत्तर सरसकट हो असं नाही. त्या आणि रॉजर्स दोघीही आधी रुग्णालयात तयार झाल्या होत्या. शाळेत शेजारी डॉक्टर नसतो. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला तिथंच थांबवायचं की पाऊस असला तरी गाडी काढून मंचरला न्यायचं, साप चावलेल्याला किती लवकर हलवायचं, हे एकटीने ठरवावं लागतं. हा अंदाज वॉर्डातच येतो. शिवाय फिरत्या पथकांतली पदं कंत्राटी असतात. ज्यांची रुग्णालयातली जागा कायम आहे, त्यांनी घरचा हिशेब बाजूला ठेवून निर्णय घेऊ नये. वॉल्ड यांनीही पगार कोण देणार हे आधी विचारलं होतं.

त्यांनी मागितला होता तो एक महिना. शक्य असेल तर वरिष्ठांना विचारून काही दिवस पथकाबरोबर फिरून पाहावं, एखाद्या आश्रमशाळेत आठवडाभर जावं. महत्त्वाचे आजार रुग्णालयातच असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी रुग्णालयातच राहावं, तिथंही हात कमीच आहेत. पण तोच मुलगा पुन्हा रांगेत दिसला की ज्यांना त्याच्या खोलीत आणखी किती मुलं झोपतात असं विचारावंसं वाटतं, त्यांचं काम बहुधा शाळेत वाट पाहतंय.