खान बहादूर अझीझुल हक

आपल्या धाराशिव जिल्ह्यात अनेक घरांतून जुनी खरेदीखते व कर्जरोखे जपून ठेवलेले असतात. त्यांच्या शेवटी पुष्कळदा शाईचा एक ठसा व त्याशेजारी डाव्या अंगठ्याची निशाणी असल्याची नोंद आढळते. निरक्षरतेची खूण म्हणून आपण तिला हसतो. परंतु सही खोटी करता येते, तशी ही निशाणी सहजासहजी करता येत नाही. या निशाणीस शास्त्राची शिस्त लावणाऱ्यांत अझीझुल हक हे अग्रगण्य होत. न्यायसहायक विज्ञानाचा अभ्यासक्रम निवडू इच्छिणाऱ्यांनी त्यांचे चरित्र अवश्य जाणावे.

हक यांचा जन्म १८७२ साली खुलना जिल्ह्यात झाला. तो प्रदेश आज बांगलादेशात आहे. बालपणीच नौकेच्या अपघातात त्यांचे मातापिता निवर्तले. बाराव्या वर्षी घर सोडून ते कलकत्त्यास आले. तेथील एका कुटुंबाने त्यांची गणितातील गती पाहून शिक्षणाची सोय केली. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी गणित व विज्ञान यांचा अभ्यास केला. गुन्हातपासाच्या शास्त्राची पदवी त्या काळी आपल्या देशात नव्हतीच.

बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांस सांख्यिकीत निपुण असा विद्यार्थी हवा होता. प्राचार्यांनी हक यांचे नाव सुचविले आणि १८९२ साली ते फौजदार झाले. त्या वेळी गुन्हेगार ओळखण्याकरिता फ्रान्समधील बर्तियाँ यांच्या पद्धतीने अवयवांची मापे घेत. पण मोजणारा बदलला की मापही बदले. म्हणून हक बोटांच्या ठशांकडे वळले. खरी अडचण मात्र निराळीच होती. हजारो ठशांच्या ढिगातून नेमका हवा तो कागद काढावयाचा कसा?

येथे गणित कामास आले. आपल्याकडे आजीबाई मुलांच्या बोटांवरील शंख व चक्रे मोजतात. हक यांच्या रीतीतही पहिला प्रश्न चक्र आहे की नाही, एवढाच असे. दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. प्रत्येक जोडीत चक्र असण्या-नसण्याचे चार प्रकार संभवतात. चारास चाराने गुणीत पाच जोड्यांचा हिशेब केला, म्हणजे १,०२४ वर्ग होतात. ३२ ओळी व ३२ रकाने यांच्या कपाटात ते नेमके बसतात! त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्णन तारेने कळविण्याची सांकेतिक लिपी रचली. १८९७ साली कलकत्त्यात जगातील पहिले अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झाले.

लवकरच त्याची कसोटी लागली. जलपाईगुडी भागात चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला होता. तेथील एका बंगाली पंचांगावरील ठसा पूर्वी शिक्षा झालेल्या कांगाली चरण याच्या ठशाशी जुळला. १८९८ साली न्यायालयाने त्यास चोरीबद्दल शिक्षा दिली. खुनाच्या आरोपातून मात्र मुक्त केले. ठसा मनुष्याची उपस्थिती सांगतो, कृत्य सांगत नाही, हा विवेक या शास्त्राच्या उपासकाने कधीही सोडू नये. १८९९ साली पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाच्या मतास स्थान मिळाले.

एवढे झाले, तरी ही रीत हेन्री यांच्याच नावाने जगभर गेली. हक यांना मानाचे किताब व ५,००० रुपयांचे पारितोषिक मिळाले, पण बऱ्याच विलंबाने. आपल्या हाताखालील मंडळींत हक यांचा वाटा सर्वांत मोठा होता, हे हेन्री यांनी उत्तरायुष्यात मान्य केले. १९३५ साली बिहारमधील मोतिहारी येथे हक यांचे देहावसान झाले. ब्रिटनमधील ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने पुढे हक व बोस यांच्या नावे पारितोषिक ठेवले. दुसऱ्याची ओळख पटविण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्याचीच ओळख जगास अशी उशिरा पटली.

आज मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे या विषयाचे शासकीय शिक्षण मिळते. आपल्या मुलामुलींस त्यासाठी दूर परप्रांती जावे लागत नाही. तथापि केवळ गुन्हेगारीच्या कथा वाचून कोणी तिकडे धावू नये. रसायन, जीवशास्त्र, भौतिक व गणित यांपैकी कशात आपले मन खरोखर रमते, हे ज्याने त्याने आधी पारखावे. हक यांनी पाया पक्का केला होता. म्हणूनच संधी दारी आली तेव्हा ते सिद्ध होते.