यूजीन हूड्री

पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक मोटारींच्या तळाशीं पोलादाचा एक लहानसा डबा बसविलेला असतो. इंजिनांतला विषारी धूर त्यांत शिरतो आणि बऱ्याच अंशीं निर्विष होऊन बाहेर पडतो. ह्या डब्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. तो तयार करण्यासाठीं ज्यांनीं आपल्या उतारवयांतील वर्षें वेंचलीं, त्या यूजीन हूड्री ह्या फ्रेंच इंजिनियरांचें चरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

हूड्री ह्यांचा जन्म पॅरिसजवळच्या डोमाँ ह्या गांवीं ता. १८ एप्रिल १८९२ रोजीं झाला. वडिलांचा पोलादाचा धंदा होता. पॅरिस येथें यंत्रशास्त्राचें शिक्षण घेऊन १९११ सालीं ते पदवीधर झाले व वडिलांच्या धंद्यांत शिरले. तीन वर्षांनीं पहिलें महायुद्ध पेटलें. हूड्री रणगाड्यांच्या पथकांत अधिकारी झाले. १९१७ सालीं ज्युव्हिंकूरच्या लढाईंत ते जखमी झाले. तोफांचा भडिमार चालू असतां निकामी रणगाड्यांची दुरुस्ती करविल्याबद्दल त्यांस शौर्यपदक मिळालें. मोडलेलें यंत्र टाकून न देतां पुन्हां चालतें करावयाचें, हा त्यांचा स्वभाव तेव्हांच दिसून आला.

युद्धानंतर त्यांस मोटारींच्या शर्यतींचा नाद लागला. १९२२ सालीं त्यांनीं अमेरिकेंत जाऊन फोर्डचा कारखाना व इंडियानापोलिसची शर्यत पाहिली. इंजिनें सुधारत होतीं, परंतु त्यांस साजेसें पेट्रोल मिळत नव्हतें. हें उणें भरून काढण्याचा त्यांनीं निश्चय केला. प्रथम त्यांनीं हलक्या जातीच्या दगडी कोळशापासून पेट्रोल काढलें. तें साधलें, पण खर्च परवडेना. मग ते जड खनिज तेलाकडे वळले. तापलेल्या तेलाची वाफ एका विशिष्ट मातीवरून नेली असतां उत्तम पेट्रोल तयार होई. ही माती स्वतः खर्च होत नसे, केवळ क्रिया घडवून आणी. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. अडचण एकच होती. थोड्याच वेळांत माती निकामी होई. हूड्रींनीं ती फेंकून दिली नाहीं. मातीच्या कणांवर कोळशाचा थर बसतो हें कारण ध्यानांत घेऊन त्यांनीं हवा सोडून तो थर जाळला, आणि माती पुन्हां पूर्ववत् काम करूं लागली.

१९३० सालीं ते आपली पद्धति घेऊन अमेरिकेंत गेले. १९३७ सालीं पेनसिल्व्हेनियांतील मार्कस हुक येथें सन ऑइल कंपनीनें त्या पद्धतीचा मोठा कारखाना सुरू केला. दुसऱ्या महायुद्धांत दोस्त राष्ट्रांच्या विमानांस लागणारें उंची पेट्रोल ह्या पद्धतीनें मोठ्या प्रमाणावर निघालें. मायदेश जर्मनांच्या हातीं गेला तेव्हां हूड्रींनीं उघडपणें द गॉल ह्यांचा पक्ष घेतला. म्हणून १९४१ सालीं व्हिशी सरकारनें त्यांचें नागरिकत्व काढून घेतलें. पुढच्याच वर्षीं ते अमेरिकेचे नागरिक झाले.

एवढ्या यशानंतर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. परंतु लॉस एंजेलिसवर दाटणारें धुरकें आणि फुफ्फुसाचा वाढता कर्करोग ह्यांच्या वार्तांनीं हूड्री अस्वस्थ झाले. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनीं ऑक्सी-कॅटॅलिस्ट नांवाची नवी कंपनी काढली, व १९५६ सालीं कन्व्हर्टरचें पेटंट मिळविलें. तथापि येथें एक शत्रु आडवा आला. इंजिन ठोकूं नये म्हणून त्या काळीं पेट्रोलांत शिशाचें संयुग मिसळीत. तें शिसें उत्प्रेरकावर बसून त्यास मारून टाकी, आणि हा थर कोळशाप्रमाणें जाळतां येण्याजोगा नव्हता. दोष डब्याचा नव्हता, पेट्रोलाचा होता. आणि पेट्रोल बदलणें एकट्या माणसाच्या हातीं नव्हतें. ता. १८ जुलै १९६२ रोजीं हूड्री निवर्तले. रस्त्यावरील सामान्य मोटारींस कन्व्हर्टर लागलेला त्यांनीं पाहिला नाहीं.

१९७० सालीं अमेरिकेनें हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा केला, आणि १९७५ च्या मोटारींपासून तेथें कन्व्हर्टर व बिनशिशाचें पेट्रोल ही जोडी रूढ झाली. १९७६ सालीं धुरांतील प्राणवायु मोजणारा ऑक्सिजन सेन्सर तिच्या मदतीस आला. आपल्या मुंबईंत ही जोडी १९९५ सालीं आली, व २००० सालीं सर्व भारतांत शिशाचें पेट्रोल बंद झालें.

ज्यांच्या घरीं जुनी मोटार असेल त्या पालकांनीं येथें लक्ष द्यावें. इंजिनाचा दिवा पेटला आणि मिस्त्रीच्या यंत्रानें कन्व्हर्टर थकल्याचें दाखविलें कीं तो बदलण्याची घाई होते. प्लॅटिनमसारख्या धातूंमुळें हा डबा महाग असतो. त्याच्या पुढें एक व मागें एक असे दोन सेन्सर पुष्कळ मोटारींत असतात. जुन्या मोटारींत पुढच्या सेन्सरचा विद्युद्दाब बहुधा ०.१ ते ०.९ व्होल्टपर्यंत एकसारखा वरखालीं होतो. प्राणवायु कमी झाला कीं दाब वाढतो. डबा निरोगी असेल तर मागच्याचा दाब बराचसा स्थिर राहतो. तोहि पुढच्यासारखा नाचूं लागला तर डब्याविषयीं संशय घ्यावा. परंतु निकाल देण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्यात. धुराच्या नळीस भोंक पडून बाहेरची हवा आंत शिरते काय? एखादा प्लग ठिणगी देत नसल्यामुळें न जळलेलें पेट्रोल डब्यांत जाऊन तो अतिशय तापतो काय? इंजिन ऑइल पितें काय? मूळ रोग तसाच ठेवला तर नवा डबाहि लवकरच मरतो.

विद्यार्थिमित्रहो, हूड्रींच्या चरित्रांतून आम्हीं एवढेंच घेतलें आहे. मागें पडलेल्या मुलास निकामी म्हणणें आम्हां शिक्षकांस व पालकांसहि फार सोपें जातें. त्याच्यावर कसला थर बसला आहे हें पाहावयास वेळ व धीर लागतो. कित्येकदां तो थर दूर झाला कीं मूल पुन्हां कामास लागतें. आणि थर बाहेरच्या विषाचा असेल, तर तें विष बंद करणें हें मोठ्या माणसांचें काम आहे.